सांगली-मिरजेच्या परमिट रूम मालकांनो, या श्रावणात एक दालन दारूशिवाय चालवा

सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या हॉटेल व परमिट रूम मालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी विश्रामबागेत एका कर सल्लागारांकडे काम करते. हॉटेलांची खाती लिहिणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यामुळे श्रावण लागला की तुमचा गल्ला कसा उतरतो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. गटारीपर्यंत बारच्या बिलांचा ढीग असतो आणि अमावास्या सरली की दारूची विक्री धाडकन खाली येते. पाळणारे श्रावण पाळतात, त्यांतले काहीजण तेच गणपती जाईपर्यंत लांबवतात. या दिवसांत तुम्ही अर्धे दिवे बंद ठेवता, वेटरांना गावी पाठवता, रंगकाम काढता. माझी विनंती याच दिवसांपुरती आहे. येत्या श्रावणात तुमचं एक दालन आठवड्यातून दोन-तीन रात्री दारूशिवाय चालवून बघा. तिथं लोकांनी नुसतं जेवून उठू नये. संध्याकाळी आठला यावं, गप्पा माराव्यात, गाणं ऐकावं, खेळावं, खावं आणि वाटलं तर बारापर्यंत बसावं.

हे पत्र दारूबंदीचं नाही. तुमचा धंदा कायदेशीर आहे, त्यावर कितीतरी घरं चालतात आणि तो बंद करा असं मी म्हणत नाही. शहरातल्या ज्या फार मोठ्या गिऱ्हाइकाला तुम्ही रात्री जागाच देत नाही, त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर फॅमिलीच्या वाट्याला वरचा मजला किंवा पार्टिशनमागची चार टेबलं येतात. वेटर पाणी ठेवतानाच ऑर्डर विचारतो, ताटं उचलली की बडीशेप येते, बडीशेपेबरोबर बिल. म्हणजे जेवा आणि उठा. खालच्या दालनात मात्र एका टेबलावर चार माणसं तीन-तीन तास बसतात आणि त्यांना कुणी उठवत नाही. शहरात रात्री निवांत बसण्याची मुभा जवळपास फक्त पिणाऱ्यालाच आहे. न पिणारा पुरुष मित्रांबरोबर गेला तर थम्स अपचा ग्लास हातात धरून तीन तास इतरांची तार सांभाळतो आणि शेवटी सगळ्यांना गाडीवरून घरी सोडतो. बायकांना तेवढंही नाही. आम्ही मैत्रिणींनी कामावरून सुटल्यावर भेटायचं ठरवलं, तर आइस्क्रीम पार्लर नाही तर शंभरफुटी रस्त्यावरचा एखादा कॅफे. तिथंही साडेदहाला खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागतात. मग कुणाच्या तरी घराच्या गच्चीवर जायचं, म्हणजे त्या घरातल्या बाईनं पुन्हा चहा टाकायचा.

आता हे न पिणारे आहेत किती ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का दारू पितात असं दिसलं. महाराष्ट्राचा आकडा त्याहून कमी आहे. लोक अशा प्रश्नांना खरं उत्तर देत नाहीत असं म्हणून तो दुप्पट धरा, तरी न पिणारेच कितीतरी जास्त भरतात. दारूशिवायचे पब चालतील का, असा वाद इंग्लंड-आयर्लंडमध्ये होतो तेव्हा तिथली अडचण वेगळी असते. तिथं बहुसंख्य लोक पितात आणि पब हा त्यांच्या गल्लीचा कट्टाच असतो. त्या कट्ट्यावरून बिअर काढून घेतली की राहिलं काय, असा त्यांचा प्रश्न. आपल्याकडं बहुसंख्य लोक मुळात त्या दारातून आत गेलेलेच नाहीत. त्यांच्यापुढचं काही काढून घ्यायचं नाही. त्यांना जे आजवर मिळालं नाही ते द्यायचं आहे.

कायद्याकडंही जरा याच नजरेनं बघा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. वालचंद, विलिंग्डन, मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज आणि बाकीची सगळी कॉलेजं धरली, तर सांगली-मिरजेत होस्टेलवर आणि खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरापोरींचा मोठा हिस्सा कायद्यानं तुमचा गिऱ्हाईक होऊच शकत नाही. ती रात्री जातात कुठं? चहाच्या टपरीवर, बायपासला, कृष्णेच्या घाटावर. खिशात पैसे असतात, वेळही असतो. त्यांच्यासाठी उघडं दार मात्र नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणं आपल्या राज्यात दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं शासन निर्णय काढून ते पुन्हा स्पष्ट केलं आणि त्यातून दारू विकणारी व पाजणारी ठिकाणं वगळली. म्हणजे परमिट रूमला ठरलेल्या वेळेला शटर ओढावंच लागतं, आणि दारूविरहित जागेला ते बंधन नाही. ही सवलत तुमच्याच धंद्याच्या उपयोगाची आहे आणि तुम्ही ती वापरत नाही. एवढी काळजी मात्र घ्या की हे दालन उत्पादन शुल्क खात्यानं मंजूर केलेल्या नकाशाच्या बाहेरचं असावं, त्याचं दार वेगळं असावं आणि नोंदणीही वेगळी करून घ्यावी. नाही तर ही सवलत लागू होते की नाही यावर वाद घालत बसावं लागेल, आणि एकवीसच्या आतली पोरं आत आली म्हणून निष्कारण कटकट होईल ती निराळीच.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, सगळं खरं, पण पैसे कुठून सुटणार? प्रश्न रास्त आहे. जगभर अशा जागा बुडतात त्या याच खड्ड्यात. दारू स्वतःच पुढचा पेग मागवते. बिनदारूचं मॉकटेल मागवत नाही. साखरेचं गार पाणी माणूस एकदा पितो, फार तर दोनदा, आणि मग तोच ग्लास पुढ्यात ठेवून दोन तास बसतो. समजा, चार जणांचं टेबल तीन तास लागलं. बारमध्ये प्यायचे १,६०० आणि खायचे ९०० धरले तर बिल २,५०० चं. दारूविरहित दालनात १५० रुपयांचं मॉकटेल प्रत्येकी एक, म्हणजे ६००, आणि खाणं तेच ९००. झाले १,५००. हजाराची तूट उघड दिसते, आणि ती मॉकटेलची किंमत वाढवून भरायला गेलात तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. दीडशे रुपयांत काय मिळालं, निळं सरबत आणि वर कागदी छत्री, असं ते चौकात सांगेल.

म्हणून पैसे ग्लासावर लावू नका, बसण्यावर लावा. माणशी १०० रुपये घ्या आणि त्यात तीन तासांची जागा, पाणी आणि त्या रात्रीचा कार्यक्रम द्या. मॉस्कोमध्ये २०११ साली असं एक ठिकाण निघालं, तिथं पैसे खाण्यापिण्याचे नव्हे तर बसल्या वेळाचे घेत. पुढं ती पद्धत इतर देशांतही गेली. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. टर्फवर पोरं तासाचे पैसे देतातच, नाटकाला तिकीट काढतातच. चार जणांचे ४०० आले. बाकीची पेयं ६० रुपयांच्या आसपास ठेवा, म्हणजे माणूस दुसरा आणि तिसरा ग्लास बिनधास्त मागवेल. माणशी दोन ग्लास वाढले तर ४८० आले. तूट जवळजवळ भरली, आणि सोडा, सरबत, कॉफी यांचा खरेदीखर्च बाटलीच्या मानानं किरकोळ असतो, हे तुमची खरेदीची बिलं लिहिताना मी रोज बघते. शिवाय हा हिशेब मी भरलेल्या बारशी लावला. श्रावणात तुमची तुलना रिकाम्या टेबलाशी आहे.

दारूवरचा भार तर तुम्हीच सोसता आहात. व्हॅट दुप्पट होऊन १० टक्के झाला, परवाना फी वाढली, उत्पादन शुल्क वाढलं, म्हणून १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवून तुम्ही निषेध केला. सरकारला पैसे लागले की पहिला हात दारूवर पडतो, पुढंही पडेल. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. धंद्याचा एक पाय तिकडं ठेवणं हिशेबाच्या दृष्टीनं शहाणपणाचं आहे.

पण दालन उघडलं, दिवे लावले, मेनूकार्ड छापलं म्हणून लोक येणार नाहीत. दारू बारमध्ये एक काम चोख करते. अनोळखी किंवा अवघडलेल्या माणसांचा पहिला अर्धा तास ती सोपा करते. ‘घेतल्याशिवाय माणूस खुलत नाही’ असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. दारू काढली की ते काम जागेला करावं लागतं, आणि बहुतेक मॉकटेलवाल्यांना हेच कळत नाही. मंद दिवे आणि मोठ्या आवाजातलं गाणं दारूविरहित दालनात उलटं काम करतं. शुद्धीवर असलेल्या माणसाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं. लांब टेबलं ठेवा, म्हणजे दोन घोळके शेजारी बसतील. कॅरमचे दोन बोर्ड ठेवा, चांगले, पावडर असलेले. पत्ते, बुद्धिबळ ठेवा. दाराशी एक बोलका माणूस ठेवा. तुमच्याकडं जुने कॅप्टन असतात ना, ज्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाचं गाव आणि बदली कुठं झाली ते ठाऊक असतं, तसा. एकट्या आलेल्याला तो कॅरमवर चौथा गडी म्हणून बसवून देईल. या एका माणसाच्या पगारात हात आखडता घेऊ नका, सगळं त्याच्यावर आहे.

आणि कार्यक्रम हवा. ही गोष्ट मी सांगलीत सांगते आहे याचं मला बळ वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं ते याच गावात, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन झाला. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७ मध्ये ते गेले, पण त्यांच्या स्मरणात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला आजही गाणं होतं. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात संगीत सभा भरते. लोक मांडी घालून बसतात, मध्येच बाहेर येऊन चहा पितात, पुन्हा आत जातात, रात्र कुठं सरली कळत नाही. दारूशिवाय लोक रात्री बाहेर पडतील का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी तिथं एकदा येऊन बघावं. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं ती वाद्यं ऐकायला दर शुक्रवारी एक हक्काची जागा असू नये? कॉलेजच्या पोरांचे एकांकिकांचे संच स्पर्धेपुरते तालमी करतात, बक्षीस घेतात आणि प्रयोग संपतो. त्यांना एक कोपरा आणि गिऱ्हाइकांच्या तिकिटातला वाटा द्या. भावे नाट्यमंदिरातलं नाटक सुटल्यावर त्याबद्दल बोलत बसायला जागा लागते, ती तुम्ही व्हा. एखाद्या रात्री अंताक्षरी, एखाद्या रात्री मोठ्या पडद्यावर मॅच. दर रात्री शास्त्रीय गाणंच हवं असं मुळीच नाही.

इंग्लंडची एक जुनी गोष्ट इथं कामाची आहे. १८७० नंतर तिथल्या दारूविरोधी मंडळींनी कामगारांसाठी पबच्या धर्तीवर कॉफीच्या जागा काढल्या. हेतू चांगला होता, पैसाही होता. पण कितीतरी ठिकाणी कॉफी वाईट होती आणि भिंतींवर उपदेश होता. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तिथं शाळेत बसल्यासारखं वाटलं आणि त्यांतल्या पुष्कळ जागा बंद पडल्या. त्याच काळातलं लँकेशायरमधल्या रॉटनस्टॉलचं फिट्झपॅट्रिक हे दुकान मात्र टिकलं. तिथं मुळ्या-पाल्याची स्वतःची पेयं बनत आणि लोक ती प्यायला येत. म्हणून भिंतीवर ‘दारू सोडा’ अशी पाटी लावू नका. आपल्याकडं ३१ डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत कार्यकर्ते चौकात दूध वाटतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीचं जे काम उभं केलं त्याचं मोल मोठं आहे. पण चौकातला दुधाचा पेला घेऊन माणूस दोन मिनिटांत पुढं जातो. त्यानंतर बसायचं कुठं, ते तुम्ही दाखवू शकता.

पेयांचंही तसंच. बारची नक्कल करू नका. व्हर्जिन अमुक, व्हर्जिन तमुक अशी यादी वाचली की नसलेल्या दारूचीच आठवण येते. आपला बेदाण्याचा जिल्हा आहे, श्रावणात ताजी द्राक्षं नसतात पण बेदाणा असतो. तो भिजवून, वाटून, लिंबू आणि सैंधव घालून केलेलं सरबत मी माझ्या आत्याकडं तासगावला पिते, ते कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. कोकम, आलं-लिंबू सोडा, जिरा सोडा, चांगली फिल्टर कॉफी, पावसाळ्यात गवती चहा आणि रात्री उशिरा मसाला दूध. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशीचं ताजं धारोष्ण दूध प्यायला लोक गर्दी करतात, आणि ते वर्षानुवर्षं चाललं आहे. शेजारच्या गावात चालतं ते आपल्याकडं का चालू नये? खाण्यात तर तुम्ही मुळातच पुढं आहात. मसाला पापड, शेंगदाणा फ्राय, चिकन सुकं, अंडा भुर्जी हा सगळा चखणा बायकापोरांनाही आवडतो. आज तो पार्सल करून न्यावा लागतो, कारण तो जिथं गरम मिळतो तिथं आम्ही बसू शकत नाही. भडंग आणि भेळ ठेवाच, ते सांगलीत सांगायला नको.

झिरो बिअरबद्दल, म्हणजे अल्कोहोल नसलेल्या बिअरबद्दल, माझं मत ठाम आहे. ती विकायला बंदी नाही, कंपन्या आग्रहही करतील. तरी पहिले काही महिने तरी ती या दालनात ठेवू नका. कारण आता सांगते, आणि या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं.

दारू सोडून आलेली माणसं आपल्या गावात आहेत. पुण्याला मुक्तांगणमध्ये किंवा साताऱ्याला राहून, उपचार घेऊन परत येतात. घरच्यांनी देवापुढं साखर ठेवलेली असते. पहिले आठ दिवस सगळे जपतात. मग सात वाजतात आणि त्या माणसाला जायला जागा नसते. त्याचे मित्र, गावातल्या बातम्या, व्यवहाराच्या ओळखी, थट्टामस्करी हे सगळं परमिट रूमच्या टेबलावर असतं. तिथं गेला तर घसरायची भीती, नाही गेला तर एकटा. माझ्या जवळच्या नात्यातल्या एकाला मी संध्याकाळी नुसता घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फिरताना पाहिलं आहे. दारू सोडताना त्याला सल्ले देणारे पुष्कळ भेटले, पण ‘चल, आज रात्री तिकडं जाऊ’ असं म्हणायला एक ठिकाण नव्हतं. लिव्हरपूलमध्ये २०११ साली ‘द ब्रिंक’ नावाचं दारूविरहित ठिकाण निघालं, ते मुळात अशाच माणसांचा विचार करून. पण दार सगळ्यांना खुलं होतं, आणि हेच मला महत्त्वाचं वाटतं. अशा माणसाला ‘सुटलेल्यांची’ वेगळी खोली नको असते. त्याला चारचौघांत बसायचं असतं, जिथं हातातल्या ग्लासात काय आहे ते कुणी विचारत नाही. तीच बाटली, तोच फेस, तीच चव समोर आली तर त्याची तलफ जागी होऊ शकते. त्याच्यासाठी तरी झिरो बिअर दूर ठेवा.

महापालिका आणि पोलिसांनाही दोन शब्द. दारूविरहित जागा उशिरापर्यंत उघडी राहू शकते हे कायद्यात आहे, पण अकरा वाजता गाडी येऊन ‘चला, बंद करा’ म्हणत असेल तर शासन निर्णयाचा कागद मालकाच्या काय कामाचा? ठाण्यातल्या रात्रपाळीच्या मंडळींना हे लेखी कळवा. आणि विश्रामबाग ते मिरज रस्त्यावरचे बंद दिवे लावा, म्हणजे दालनातून निघालेली मुलगी स्कूटीवरून निर्धास्त घरी जाईल.

मालकहो, तीन-चार जणांनी मिळून सुरुवात केली तर बरं. एक सांगलीत, एक विश्रामबागेत, एक मिरजेत. रात्री वेगवेगळ्या वाटून घ्या, म्हणजे कलावंत आणि गिऱ्हाईक फिरते राहतील. पहिल्या आठवड्यात टेबलं रिकामी राहतील, त्यावर लगेच निर्णय करू नका. निदान गणपतीपर्यंत चालवा, मग अनंत चतुर्दशीनंतर आकडे बघा. दालनाचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे, मुख्य खात्यात मिसळला तर काहीच कळणार नाही. जे कुणी करायला तयार असतील त्यांच्या या दालनाचं वेगळं खातं त्या काळापुरतं मी मोबदला न घेता लिहून देईन. नफा निघाला तर तो, तोटा निघाला तर तो, आकडा जसाच्या तसा तुमच्या बैठकीत मांडीन. आषाढी झाली की तयारीला लागायला हवं, कारण कॅरमचे बोर्ड आणि कलावंतांच्या तारखा दोन्ही ऐनवेळी मिळत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
विश्रामबागेतली एक हिशेबनीस